द्रव्य शिकवायचंय? सुरुवात हवेपासून करा

एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीचं विज्ञान नव्याने वाट्याला आलंय, वर्गात 40 मुलं, प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट. ‘द्रव्य आणि त्याच्या अवस्था’ शिकवताना व्हिडिओ बघून प्रयोग करून दाखवले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, पण चाचणीत पाठ केलेली व्याख्याच उतरवली. ‘फुगवलेल्या फुग्यात काय असतं?’ या प्रश्नाला बऱ्याच जणांनी ‘काही नाही’ असं लिहिलं. मग कोणते प्रयोग घ्यावेत आणि कसे?

मी बरीच वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं, आता शिक्षकांच्या कार्यशाळा घेते. तुमची तक्रार मला जवळपास प्रत्येक कार्यशाळेत ऐकू येते. तिचं उत्तर नव्या प्रयोगांत नाही. आहेत तेच प्रयोग पुरेसे आहेत, किंबहुना जरा जास्तच आहेत. गडबड होते ती क्रमात, आणि प्रयोगाआधीच्या पाच मिनिटांत.

क्रमाचं आधी सांगते. आपण दगड, पाणी, हवा अशी तीन उदाहरणं देतो, तीन व्याख्या फळ्यावर लिहितो आणि पुढे जातो. दगड आणि पाणी हे ‘काहीतरी’ आहे हे मुलाला कोणी शिकवावं लागत नाही. हवा हे काहीतरी आहे, ती जागा अडवते, तिला वजन असतं, हे मात्र त्याला मुळीच पटलेलं नसतं. वारा असला तर हवा आहे, वारा पडला की हवा नाही, असा त्याचा सरळ हिशोब. मोठ्यांचाही थोडाफार तोच असतो. रिकाम्या डब्याला आपण रिकामाच म्हणतो. त्यामुळे द्रव्याचा धडा हवेपासून सुरू करा आणि तीन-चार तासिका हवेवरच घालवा. हवा द्रव्य आहे हे एकदा पटलं की बाकीचा धडा निम्मा झाला. ते पटलं नाही तर बाष्पीभवन, संप्लवन (स्थायूचा थेट वायू होणं), रेणू हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आता ती पाच मिनिटं. प्रयोगाचं सामान टेबलावर मांडा, काय करणार ते सांगा आणि तिथेच थांबा. प्रत्येकाने कच्च्या वहीत ‘काय होईल’ आणि ‘मला असं का वाटतं’ या दोन ओळी लिहायच्या. मग हात वर करून मतमोजणी घ्या आणि आकडे फळ्यावर मांडा. कोणतं उत्तर बरोबर, याची पुसटशी सूचनाही तुमच्या चेहऱ्यावर दिसता कामा नये. मुलं शिक्षकाचा चेहरा वाचण्यात पटाईत असतात. अंदाज लिहून झाल्यावर मूल त्यात गुंतलेलं असतं. अंदाज चुकला तर ते गप्प बसत नाही, वाद घालतं. तो वाद म्हणजेच तास. अंदाज न घेता केलेला प्रयोग जादूचा खेळ होतो, आणि खेळ संपला की टाळ्या वाजतातच.

पहिला प्रयोग तुम्ही केलाच असेल. पेल्याच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवायचा आणि पेला उपडा करून पाण्याच्या बादलीत सरळ दाबायचा. कागद भिजेल का? सहावीच्या वर्गात बहुतेक हात ‘भिजेल’च्या बाजूने वर जातात. बाहेर काढलेला कोरडा कागद हातोहात फिरवू द्या. पण तिथेच थांबू नका. आता पेला पाण्याखाली थोडा तिरका करायला सांगा. बुडबुडे निघतात, कागद भिजतो. ‘बाहेर काय आलं? ते आधी कुठे होतं?’ एवढेच दोन प्रश्न. पेला काचेचा किंवा पारदर्शक प्लास्टिकचा घ्या. स्टीलच्या फुलपात्रातही प्रयोग होतो, पण पाणी आत किती चढलं ते दिसत नाही आणि अर्धी गंमत जाते. पेला खोल नेला की पाणी आत थोडंसं चढतं. एखादं तल्लख मूल ते हमखास टिपतं. त्याला तिथल्या तिथे उत्तर देऊ नका. तो मुद्दा सिरिंजच्या प्रयोगात कामाला येणार आहे.

याचा जोडीदार म्हणजे नरसाळ्याचा प्रयोग. बाटलीच्या तोंडात नरसाळं बसवून कडेने कणीक लिंपायची, कुठेही फट ठेवायची नाही. नरसाळ्यात एकदम पाणी ओतलं की थोडं आत जातं आणि मग चक्क अडून बसतं. कणकेत काडीने भोक पाडलं की पाणी घडघड उतरतं. भोकाशी बोट धरलेल्या मुलाला बाहेर येणारी हवा जाणवते. हे बोट वर्गातल्या शक्य तितक्या मुलांचं असू द्या.

हवेच्या वजनाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण जवळपास सगळीकडे दाखवला जातो तो प्रयोग मला मान्य नाही. काठीच्या दोन टोकांना दोन फुगवलेले फुगे, मधोमध दोरी, काठी आडवी; एक फुगा फोडला की दुसरी बाजू खाली जाते, म्हणून हवेला वजन आहे. ऐकायला छान. पण हिशोब करून पाहा. आपल्याकडच्या नेहमीच्या तापमानाला एक लिटर हवेचं वस्तुमान साधारण 1.2 ग्रॅम असतं. पाच लिटरच्या फुग्यात हवा सुमारे 6 ग्रॅम. पण फुगा स्वतः हवेत बुडालेला आहे आणि त्याने तेवढीच हवा बाजूला सारलेली आहे. पाण्यात बुडवलेली बादली जशी हलकी लागते, तसंच इथे होतं. फुग्यातली हवा बाहेरच्यापेक्षा जेमतेम दोन-चार टक्के जास्त दाबलेली असते, त्यामुळे तराजूला कळतो तो फरक फक्त तेवढ्या जादा हवेचा, म्हणजे एक-दोन दशांश ग्रॅमचा. काठी-दोरीचा तराजू एवढा नाजूक नसतो. वर फुगा फुटताना रबराचे तुकडे उडतात ते वेगळेच. म्हणजे काठी झुकली तरी हवेमुळे झुकली असं छातीठोकपणे म्हणता येत नाही आणि नाही झुकली तर वर्गात नसती पंचाईत.

त्याऐवजी फुटबॉल घ्या. शाळेत बॉल आणि पंप असतोच, नसला तर गावातल्या मंडळाकडे असतो. लागणारी एकच गोष्ट म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. बॉलमधली हवा थोडी सोडा, पण बॉल गोल राहिला पाहिजे, चेपलेला नको. कारण आकारमान तेच राहिलं तर बाजूला सारलेली हवाही तेवढीच राहते आणि वर सांगितलेली भानगड उरत नाही. काट्यावर वाटी ठेवून शून्य करा, वाटीत बॉल ठेवा, वजन फळ्यावर लिहा. आता अंदाज: पंप मारून बॉल टणक केला तर वजन वाढेल, कमी होईल की तेवढंच राहील? ‘कमी होईल’ म्हणणारे बरेच निघतात, आणि त्यांचं कारण ऐकण्यासारखं असतं: हवा भरली की वस्तू हलकी होते, फुगा उडतो ना! मापाचा पाच नंबरचा बॉल चांगला टणक केला की वजन चार-पाच ग्रॅमने वाढलेलं दिसतं. हवा सोडली की उतरतं, पुन्हा भरली की चढतं. हे तीन-चार मुलांच्या हातून करून घ्या, कारण पहिल्यांदा कोणाचाच विश्वास बसत नाही. काटा बिघडलाय असंच वाटतं.

मग मुलांना वर्गखोली मोजायला लावा. 8 मीटर लांब, 6 रुंद, 3 उंच म्हटलं तर 144 घनमीटर, आणि एका घनमीटरला साधारण 1.2 किलो. म्हणजे वर्गातली हवा 170 किलोच्या पुढे. या आकड्याला वर्गात जो गलका होतो तो होऊ द्या, शेजारच्या वर्गाने तक्रार केली तरी चालेल.

यापुढची पायरी सिरिंजची. औषधाच्या दुकानातून 20 मिलीच्या सिरिंज आणा, सुया दुकानातच काढून टाका. चार-पाच मुलांत एक. दट्ट्या 20 वर ओढायचा, तोंडाशी बोट घट्ट दाबायचं आणि दट्ट्या रेटायचा. हवा बऱ्यापैकी दबते, सोडलं की दट्ट्या उसळी घेऊन मागे येतो. मग तीच सिरिंज पाण्याने भरून, आत बुडबुडा न ठेवता, तोच खेळ. दट्ट्या हलत नाही. सगळी ताकद लावली तरी नाही. हा फरक मुलांच्या हाताला कळलेला असतो, त्यामुळे तो पाठ करावा लागत नाही.

आता खरं काम सुरू होतं. मुलांना वहीत सिरिंजची दोन चित्रं काढायला सांगा, दाबण्याआधीची आणि दाबल्यानंतरची. ‘जादूचा चष्मा आहे आणि त्यातून हवेचे अगदी बारीक कण दिसतात, तर आत काय दिसेल?’ चित्रं गोळा करून बघा, तुमची अर्धी मेहनत वाचेल. काही मुलं सिरिंज नुसती पेन्सिलीने भरून काढतात, दाबल्यावर जास्त गडद. काही ठिपके काढतात, पण दाबल्यावर ठिपके लहान होतात. काहींचे ठिपके पुढच्या टोकाशी गर्दी करतात आणि मागे मोकळी जागा राहते. आणि फार थोडी मुलं तेवढेच ठिपके, त्याच आकाराचे, जवळजवळ आणि सगळीकडे पसरलेले काढतात. चारही प्रकारची चित्रं नावं न सांगता फळ्यावर काढा आणि वर्गाला विचारा, यातलं कोणतं चित्र दट्ट्या मागे येण्याचं कारण देऊ शकतं, आणि पाणी का दबत नाही ते कोणत्या चित्रातून कळतं.

याच चर्चेत तुम्ही विचारायचं: ‘दोन ठिपक्यांच्या मध्ये काय आहे?’ उत्तर ठरलेलं: ‘हवा!’ हवेच्या कणांमध्ये हवा. हसू नका. या धड्यातली सर्वांत अवघड पायरी हीच आहे. मध्ये काहीही नाही, निव्वळ पोकळी आहे, हे मान्य करायला माणसांनाही हजारो वर्षं लागली. ग्रीसमध्ये डेमोक्रिटसने पोकळी मानली तर ॲरिस्टॉटलने साफ नाकारली. आपल्याकडे वैशेषिक या प्राचीन दर्शनाचा परमाणुवाद, म्हणजे द्रव्य अतिसूक्ष्म कणांचं असतं हा विचार, होता. सहावीच्या पोराने एका तासात ते मान्य करावं ही अपेक्षाच गैर. फक्त प्रश्न फिरवत राहा: ‘मध्ये हवा असेल तर ती हवाही कणांचीच ना? मग त्या कणांच्या मध्ये काय?’ दोन-तीन दिवसांनी कोणीतरी वैतागून म्हणतं, ‘बाई, मग मध्ये काहीच नसणार.’ तोवर तुम्ही ते म्हणू नका. आणि म्हणूनच ‘द्रव्य अणु-रेणूंचं बनलेलं असतं’ हे वाक्य धड्याच्या पहिल्या ओळीत सांगू नये असं माझं ठाम मत आहे. ते या चर्चेच्या शेवटी यावं.

सिरिंजचा आणखी एक खेळ तुम्ही स्वतः करून दाखवा, मुलांच्या हातात देऊ नका. उकळून 60-70 अंशांपर्यंत निवलेलं पाणी सिरिंजमध्ये पाव भाग घ्या, हवा पूर्ण बाहेर काढा, तोंड बंद करा आणि दट्ट्या जोरात ओढा. पाण्याला चक्क उकळी फुटते. आधी उकळून घ्यायचं ते यासाठी की पाण्यात विरघळलेली हवा निघून गेलेली असते. नाहीतर दिसलेले बुडबुडे कशाचे, हा वाद मिटत नाही.

इथून वस्तुमानाकडे वळा. मीठ पाण्यात विरघळलं की कुठे जातं? ‘नाहीसं होतं’ म्हणणारे आता कमी असतात, पण ‘चव राहते, वजन जातं’ म्हणणारे भरपूर. झाकणाच्या बाटलीत 100 मिली पाणी, शेजारी कागदावर 20 ग्रॅम मीठ, दोन्ही एकत्र काट्यावर. मग मीठ बाटलीत, कागद पुन्हा काट्यावरच. आकडा तोच. पुढच्या आठवड्यात ते पाणी पसरट ताटात उन्हात ठेवा आणि ताटात काय उरतं ते मुलांना खरवडून मोजू द्या. पेण, वसईकडची मुलं असतील तर मिठागरं त्यांनी पाहिलेलीच असतात. त्यांना बोलू द्या. जाता जाता: ‘गरम पाण्यात जास्त विरघळतं’ हा नियम मिठाला फारसा लागू पडत नाही. 100 ग्रॅम पाण्यात खोलीच्या तापमानाला 36 ग्रॅमच्या आसपास मीठ विरघळतं, उकळत्या पाण्यात जेमतेम 39. फरक दाखवायचा असेल तर साखर किंवा तुरटी घ्या.

वायू तयार होतो तिथे वस्तुमान टिकतं हे पटवणं त्याहून कठीण. नेहमीचा प्रयोग म्हणजे बाटलीत व्हिनेगर, तोंडाला फुगा, फुग्यात खाण्याचा सोडा. वजन ‘तेवढंच राहतं’ असं सांगतात. राहत नाही! फुगा फुगला की त्याने आणखी हवा बाजूला सारली, म्हणून बारीक काट्यावर वजन कमी दिसतं. एक लिटरचा फुगा झाला तर सव्वा ग्रॅमने. मुलगी म्हणते ‘बाई, कमी झालं’ आणि बाई म्हणतात ‘काट्याची चूक’. बरोबर निरीक्षण करणाऱ्या मुलीलाच आपण चूक ठरवतो.

त्याऐवजी अर्धा लिटरची शीतपेयाची प्लास्टिकची बाटली घ्या. तळाशी थोडं व्हिनेगर, टिश्यू पेपरच्या पुडीत एक ग्रॅमच सोडा. पुडी आत टाकून लगेच झाकण घट्ट लावा. एक ग्रॅम सोड्यातून साधारण पाव लिटरहून थोडा जास्त वायू निघतो, तो शीतपेयाची बाटली सहज सोसते. सोडा वाढवायचा नाही, काचेची बाटली तर अजिबात नाही. आधीचं आणि नंतरचं वजन सारखं. बाटली दगडासारखी टणक झालेली सगळ्यांना दाबून बघू द्या. मग झाकण सैल करा, फस्स होतं, आणि काट्यावरचा आकडा उतरतो. हा फरक अर्ध्या ग्रॅमच्या आतला असतो, त्यामुळे इथे स्वयंपाकघरातला काटा चालणार नाही. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशात मावणारा काटा लागतो. तो स्वस्तात मिळतो आणि माझ्या मते शाळेने घ्यायच्या यादीत सूक्ष्मदर्शकाच्याही आधी असावा. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला दरवर्षी लाल रंगाचे ज्वालामुखी फसफसतात. सोडा तोच, व्हिनेगर तेच, पण कोणी वजन करत नाही.

स्थायू, द्रव, वायू या वर्गीकरणावर फार वेळ घालवू नका. वाळू, रवा, टूथपेस्ट, स्पंज आणि कॉर्नफ्लॉवर-पाण्याचा घट्ट लगदा (दोन वाट्या पिठाला साधारण एक वाटी पाणी) समोर ठेवा आणि भांडू द्या. वाळू भांड्याचा आकार घेते, मग ती द्रव का नाही? एकेक कण भिंगाखाली पाहिला आणि वाळूचा ढीग लागतो पण पाण्याचा लागत नाही हे लक्षात आलं की पुरे. लगदा कशात बसत नाही हे मोकळेपणाने सांगा.

अवस्थांतराचे दोन प्रयोग मात्र मन लावून करा. पहिला, थंड पेल्याचा. बर्फाचं पाणी भरलेल्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून थेंब जमतात. कुठून आले? ‘पेला पाझरला’ हे उत्तर येतं आणि ते मूर्खपणाचं नाही. घरातला माठ खरोखरच पाझरतो, मुलाने तो रोज पाहिलेला आहे. म्हणून त्याला नाकारू नका, तपासून बघू म्हणा. मुलं स्वतःच उपाय सुचवतात: आतल्या पाण्यात रंग घाला. बाहेरचे थेंब बिनरंगी. मग कोणीतरी म्हणतं, पाणी वरून ओघळलं असेल. तर ताटलीने झाका. शेवटी पेला काट्यावर ठेवा: पाझरला असता तर एकूण वजन तेवढंच राहिलं असतं, इथे ते हळूहळू वाढतं. वाढलेलं पाणी आलं कुठून, याला आता एकच उत्तर उरतं. एक अडचण लक्षात ठेवा. मराठवाड्यात किंवा विदर्भात एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की थेंब फारसे जमत नाहीत. तिथे हा प्रयोग जुलै-ऑगस्टमध्ये घ्या. कोकणात आणि गोव्यात केव्हाही चालतो. आणि उन्हाळ्यात थेंब आले नाहीत तर तोही प्रयोगच आहे. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा करा आणि फरक का पडला ते विचारा.

दुसरा, उकळण्याचा. प्रयोगशाळेचा थर्मामीटर लागतो, तापाचा नाही. लाल अल्कोहोलचा घ्या, पाऱ्याचा नको. भांड्यात बर्फ घेऊन हलवत हलवत गरम करायला सुरुवात करा, दर मिनिटाला तापमान फळ्यावर लिहा. बर्फ आहे तोवर आकडा शून्याच्या आसपास रेंगाळतो, आच चालू असूनही. उकळी आली की पुन्हा अडतो. आलेख काढल्यावर दोन्ही सपाट जागा मुलांना आपसूक दिसतात. पुण्यात हा आकडा 98 च्या आसपास अडतो, महाबळेश्वरला 95-96 ला. पुस्तकात 100 लिहिलंय म्हणून थर्मामीटरला दोष देऊ नका. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. सिरिंजमधली उकळी आठवून मुलं हे स्वतः जोडतात, आणि ती जोडणी तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांनी केलेली बरी.

उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असतं हेही विचारा. ‘हवा’ आणि ‘ऑक्सिजन-हायड्रोजन’ ही दोन उत्तरं दहावीपर्यंत टिकतात. सुरुवातीला भांड्याच्या तळाला चिकटलेले बारीक बुडबुडे खरोखरच हवेचे असतात. नंतरचे मोठे फुटणारे पाण्याच्या वाफेचे. आणि भांड्यावर दिसणारा पांढरा ढग ही वाफ नव्हे, पाण्याचे बारीक थेंब. किटलीच्या तोंडाशी बोटभर जागा मोकळी दिसते तिथे खरी वाफ आहे. तिच्याजवळ बोट न्यायचं नाही हे तीनदा बजावा.

हिवाळ्यात आणखी एक सोपी गोष्ट जमते. खोबरेल तेल साधारण 24 अंशांना गोठतं, म्हणजे डिसेंबरच्या सकाळी नाशिक-पुण्याकडे बाटलीत घट्ट झालेलं सापडतं. अर्धी बाटली उन्हात वितळवा आणि गोठलेला गोळा पातळ तेलात टाका. बुडतो. बर्फ पाण्यावर तरंगतो, मग हा का बुडाला? तुपाचंही तसंच, मेणाचंही तसंच. वितळलेलं मेण वाटीत थिजलं की मध्ये खळगा पडतो, बर्फाला मात्र वर फुगवटा येतो. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं. पाणी हा अपवाद आहे हे कळायला आधी नियम दिसावा लागतो, आणि आपण नियम दाखवतच नाही.

एका प्रयोगापासून मात्र लांब राहा, निदान नेहमीच्या स्पष्टीकरणापासून तरी. परातीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर पेला उपडा. मेणबत्ती विझते, पाणी चढतं. ‘पाचवा भाग ऑक्सिजन जळला म्हणून पाणी चढलं’ असं अजून सांगितलं जातं. नीट बघा: मेणबत्ती जळत असताना पाणी फारसं चढत नाही, विझल्यावर एकदम चढतं. पेला ठेवताना तापलेली हवा फुगून कडेने बुडबुडे बाहेर गेलेले असतात आणि ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते. शिवाय आतला सगळा ऑक्सिजन संपत नाही. तो बराच शिल्लक असतानाच ज्योत विझते. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा, पाणी जास्त चढतं. ऑक्सिजन तर तेवढाच होता! हवेतला पाचवा भाग खरोखर दाखवायचा असेल तर परीक्षानळीत ओला लोखंडाचा कीस चिकटवून ती पाण्यात उपडी ठेवा आणि दोन-तीन दिवस थांबा. लोखंड गंजतं आणि पाणी नळीच्या साधारण पाचव्या भागापर्यंत चढतं. भांड्यांची चकचकीत तारेची घासणी इथे कामाची नाही, ती गंजत नाही. लेथवाल्याकडचा कीस आणलात तर आधी साबणाने तेल काढा.

संप्लवनासाठी कापूर पुरेसा आहे. वाटीत कापूर, ती गरम पाण्याच्या भांड्यात, वर बर्फाचं पाणी भरलेली वाटी. वरच्या वाटीच्या बुडाला कापराची पांढरी पूड धरते. आच लावू नका, कापूर पेट घेतो आणि मुलं जळण्यालाच संप्लवन समजतात. डांबरगोळ्या वर्गात आणूच नका, त्यांची वाफ विषारी असते.

हे सगळं 35 मिनिटांच्या तासिकेत बसत नाही, हे मान्य. मुख्याध्यापकांना भेटून आठवड्यातून एकदा जोडतासिका मागून घ्या. गट पाच जणांचे, आणि प्रत्येक गटात वजन वाचणारा, लिहिणारा, सामान धुणारा आलटून पालटून बदला. नाहीतर एकच हुशार मुलगा सगळं करतो आणि मुली भांडी धुतात. सामान एका पत्र्याच्या डब्यात, झाकणावर यादी चिकटवलेली. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून केलेलं काम पाहिलंत तर सामानाची काळजीच उरत नाही.

आता चाचणीचं. मुलं व्याख्या लिहितात कारण आपण व्याख्याच विचारतो. त्याऐवजी असं विचारा: झाकण बंद असलेल्या बाटलीत बर्फ वितळला, तर बाटलीचं आतल्या पाण्यासकट वजन वाढेल, घटेल की तेवढंच राहील, का? किंवा: नरम बॉल आणि तोच बॉल टणक भरल्यावर, दोन्हींतल्या हवेचे ठिपके काढून दाखव. किंवा: दोरीवर पसरलेला ओला टॉवेल सुकला, पाणी कुठे गेलं, तिथून पुढे कुठे जाऊ शकतं? गुण ‘का’ला द्या. उत्तर चूक पण कारण प्रयोगावर बेतलेलं असेल तर निम्मे गुण द्या, आणि उत्तर बरोबर पण कारण कोरं असेल तरीही निम्मेच. पहिल्या चाचणीत पालक भांडायला येतील, त्यांना उत्तरपत्रिका दाखवा आणि काटा हातात देऊन बॉलचा प्रयोग त्यांनाच करायला सांगा.